पुस्तकासाठी रडतेय

११ मार्च, अल्माटी
सेइतजान गेला. माझा दादा! बर्फावर मासे धरायला गेला होता, बर्फ फुटला. सकाळी काकांचा फोन आला आणि लगेच दमही दिला — बाबांना अवाक्षर नाही. घरी मोठी माणसं जमतील, बाबांना मध्ये बसवतील आणि हळूहळू सांगतील. मरण असं वाटेत सांगायचं नसतं, हे मलाही ठाऊक आहे. मला सांगितलं, कारण बाबांना आणायचं मीच.

बाबांच्या डोळ्याचं ऑपरेशन परवाच झालंय. दुसऱ्या डोळ्याने आधीच दिसत नाही. रडणं बंद म्हणजे बंद, असं डॉक्टरांनी बजावलंय. मी सांगितलं, काकांच्या मुलीला बघायला पाहुणे येताहेत, आपण हवेत. त्यांनी एकही प्रश्न विचारला नाही. सुटले!

११ मार्च, गाडीत
बाबांनी कादंबरी वाचून दाखवायला सांगितली. तीस वर्षं शाळेत शिकवली तीच. मिठाच्या तांड्याबरोबर मुलगा जातो, म्हातारा बाप वाट बघतो. पंधराव्या वर्षी मी म्हाताऱ्याची पानं सरळ गाळली होती. मुलाची साहसं तेवढी हवी होती — मूर्ख! आता मुलाकडे लक्षच जात नाही. म्हातारा रोज मुलाच्या घोड्यावर खोगीर चढवतो, घोडा फिरवून आणतो, खोगीर उतरवतो. बाकी काही घडत नाही. मला पुढे वाचता येईना.

समोरच्या बाकावर रिस्ती नावाच्या एक मावशी आहेत, कझालीला उतरणार. त्यांनी बाऊरसाक, कणकेचे तळलेले गोळे, पुढे केले. म्हणाल्या, "नवरा सोडून गेला तेव्हा मीसुद्धा एवढी रडले नव्हते गं!"

बाबा म्हणाले, "रडू दे तिला. पुस्तकच तसं आहे."

मी पुस्तकासाठीच रडतेय, असं त्यांना वाटतंय. वाटू दे.

१२ मार्च, गाडीत
तांडा मुलाशिवाय परततो, ते प्रकरण आलं. मी अकरा पानं गुपचूप उलटली. बाबांना पुस्तक तोंडपाठ आहे, तरी टोकलं नाही. उलट माझा हात चाचपून धरला आणि म्हणाले, "दमलीस. चहा घे." चहा येईपर्यंत हात सोडला नाही, पण आजारपणात होतंच तसं. किती खोटं बोलायचं, आणि तेही आंधळ्या बापाशी? मी काहीच करू शकत नाही. नुसती बसून आहे.

१२ मार्च, दुपार
कझालीला मावशी उतरल्या. आता आमचं अरालच. गाडी कुठेतरी अडकून पडावी.

१३ मार्च, अराल
घर माणसांनी भरलेलं. काकांनी बाबांना मध्ये बसवलं आणि लांबून सुरुवात केली. बाबांनी हात वर केला.

"थांब. मला हॉस्पिटलातच कळलंय, गावातून कुणीतरी फोनवर बोलून गेलं. आधी हिला कुणीतरी धरा — माझ्या पोरीला अजून काही माहीत नाही."