नर्सबाईंनी बांधलेला पट्टा

बेहाला, लेकीच्या घरी, मंगळवार, १९७२

लेक बाळंत झाली. तिचं पोट बांधायला माझं मऊ लुगडं फाडून पुण्याहून आणलेलं. दवाखान्यात गेले, तर नर्सबाईंनी आधीच पट्टा बांधलेला. ओढून पाहिला. कुठे ढिला नाही मेला.

"सुमन, काही त्रास?" विचारलं, एखादी तरी तक्रार करेल म्हणून.

"नाही गं आई. इथल्या नर्सदीदी फार मायेनं करतात."

पोर सुखात आहे, मग मला का झोंबावं? बसायला स्टूल मिळालं, काम नाही. पुन्हा पट्टा चाचपला. घट्टच.

घरी जावईबापूंना सांगितलं, नर्स चांगली आहे. म्हणाले, "मग आई, तुमचं परतीचं तिकीट काढू?"

म्हटलं, "काढा की. पण बाळाला न्हाऊ घालायला ती दीदी रोज घरी येणार का, तेही विचारून या."

नुसते हसले. तिकिटाचा विषय मात्र तिथेच सोडला.