होल्याचा दाबलेला पंख

बाई, तुम्हाला जाऊन वीस वर्षं होत आली, तरी कॉलेजातल्या तुमच्या कपाटाची किल्ली माझ्याकडेच आहे. आत कापूस भरलेले होले पक्षी तसेच ओळीने पडलेत, लहान होला आणि त्याचा थोराड चुलतभाऊ. दोघे एकाच मैदानात दाणे टिपू लागले की पिढ्यान्‌पिढ्या लहान आणखी लहान होत जातो आणि मोठा आणखी मोठा, म्हणजे दाणे वाटले जातात, असं तुमचं म्हणणं. "एका म्यानात दोन तलवारी राहत नाहीत. मग एकीने सुरी व्हायचं," असं म्हणून तुम्हीच हसायचात.

पंख मोजताना नुसता पट्टीवर ठेवायचा, त्याचा बाक मोडायचा नाही, हे तुम्ही पहिल्याच दिवशी बजावलंत. "दाबलास तर बोटं तोडीन." एअरफोर्सवाल्याची मी मुलगी, मराठी कळायचं पण तोंडात हिंदीच. "जी बाई," म्हणाले. आणि जिथे दोघे एकत्र राहतात, तिथल्या मोठ्या होल्यांचे पंख अंगठ्याने दाबून सपाट केले. दाबला की पंख लांब भरतो, दोन-तीन मिलिमीटरचाच काय तो फरक. तुमचं खरं ठरावं, एवढंच मनात होतं. आकडे पाहून तुम्ही मला इंदिरा नगरच्या घरी नेलंत, स्वयंपाकघरात स्वतः शिरा केलात. मग त्यावर शोधनिबंध लिहिलात आणि छापून आल्यावर वर्षभरात गेलात. समाधानाने गेलात, असं मी स्वतःला समजावत आले.

आता माझी एक विद्यार्थिनी तेच होले मोजते आहे. तिसऱ्यांदा मोजून परवा समोर येऊन बसली, डोळे भरलेले. "मॅडम, फ़र्क़ निकल ही नहीं रहा। ग़लती मुझसे ही हो रही होगी। मैं छोड़ देती हूँ।" पुन्हा मोज, असं मी दोनदा सांगितलं होतं. तिसऱ्यांदा जीभ रेटेना. "तुम्हारा नाप सही है," म्हटलं, "ग़लत मेरा था." तिने विचारलं, "आपकी बाई को पता था?"

नव्हतं, असं मी सांगितलं. आता त्या निबंधाची दुरुस्ती छापायची तर तुमच्याच नावाखाली छापावी लागणार, आणि मी ती छापणार आहे. याची मला फार लाज वाटते, बाई. हे पत्र त्याच कपाटात, होल्यांच्या खाली ठेवते. एक मात्र तिलाही सांगितलं नाही. त्या दिवशी तुम्ही शिरा एकदाच वाढला होतात. दुसऱ्यांदा मी मागून घेतला.