पावणेदोन ते सव्वादोन

वहिनी,

दादाचा आत्ताच फोन आला. तुला कळा सुरू झाल्यात आणि तू म्हणतेस, "वन्सं सोबत असल्या, तरच मी आत जाईन."

मागच्या खेपेला बाळ गेलं, तेव्हा सगळे म्हणाले की डॉक्टरांनीच उशीर केला. त्या वॉर्डातली नर्स मीच होते, तरी गप्प राहिले. डॉक्टर फोन केल्यावर पाच मिनिटांत आले होते गं. फोनच मी उशिरा केला.

बाळाला धाप लागलेली मला पावणेदोनलाच दिसली होती. पण आदल्याच दिवशी डॉक्टर सगळ्यांदेखत ओरडले होते, "उठसूट बोलावता कशाला?" त्यात बाळ घरचं. वाटलं, आत्या म्हणून माझाच जीव उगाच घाबरतोय. सव्वादोनपर्यंत मी नुसती त्याचे श्वास मोजत उभी राहिले. परक्याचं असतं, तर धावत सुटले असते.

हा पाठकोरा कागद माझ्या खिशातच राहील. आज तुला देण्याची माझी छाती नाही. तू अजून घरातून निघालीही नाहीस आणि मी डॉक्टरांना बोलावून बसलेय. ते ओरडले. ओरडू देत.

वॉर्डाच्या दारात उभी असलेली,
तुझी नणंद