माझ्या जागी

मंगळवार, २८ जानेवारी २०२५

आलो बुवा एकदाचा कशेळ्याला! नगरहून निघताना आईनं असं रडून घेतलं की बघणाऱ्याला वाटावं, पोरगा परदेशी चाललाय. अगं, पहिलीच ख्रिस्ती मंडळी मिळालीय, पाळक झालोय, हसून निरोप द्यायचा की नाही?

प्रार्थनाघर लहानसंच, वर पत्रे, पण झाडून-पुसून लख्ख. मागं माझी खोली. शेजारी झाकीरभाईंचं किराणा दुकान. त्यांनी आल्या आल्या चहा आणि खारी पाठवली, माणूस लाख मोलाचा. मंडळीतला सदू जीप चालवतो. सामान उतरवता उतरवता मला न्याहाळून म्हणाला, पाळकसाहेब, वाडीचा चढ चढताना पोट आड येनार हाय तुमच्या. आगाऊ!

आधीच्या पाळकांनी निघताना एकच गोष्ट बजावली. इथली रीत अशी, की महिन्याच्या पहिल्या रविवारी प्रभुभोजन झालं की अंथरुणाला खिळलेल्यांचा वाटा पाळकानं स्वतः घरी न्यायचा. भाकरीचा तुकडा आणि घोटभर द्राक्षरस. दुसऱ्या कुणाच्या हाती पाठवायचा नाही. सध्या असं एकच माणूस आहे, डोंगरावरच्या वाडीतली बायजा म्हातारी. तिची सून हिरू उपासनेला खाली येते. म्हातारी महिनाभर त्या घासाची वाट बघते म्हणे.

रविवार, २ फेब्रुवारी

पहिली उपासना झकास झाली. बायजाचा वाटा स्टीलच्या डबीत घेतला आणि सदूनं मला डोंगराच्या पायथ्याशी सोडलं. ऊन मी म्हणत होतं. वर पाहिलं आणि सगळा उत्साहच गळाला.

आणि आज झाकीरभाईंच्या पुतण्याचा वलीमा, म्हणजे लग्नाची मेजवानी होती, चौक गावी. बिर्याणीचं आग्रहाचं आमंत्रण. मनात अगदी स्पष्ट आलं, आजच जा, वर जा. हा आतला आवाज मी लहानपणापासून ओळखतो, प्रभू माझ्याशी असाच बोलतो. हळू बोलतो, पण पिच्छा सोडत नाही. मी म्हटलं, प्रभू, पुढच्या रविवारी नक्की. सदूला फोन करून परत बोलावलं, पाय मुरगळला म्हणून सांगितलं. डबीतलं वाया कशाला घालवायचं, म्हणून ते मीच खाल्लं, प्यालो. मग झाकीरभाईंच्या गाडीतून चौक.

बिर्याणी अप्रतिम होती. आवाज दिवसभर चालू होता. संध्याकाळी थांबला.

सोमवार, ३ फेब्रुवारी

सकाळीच हिरू आली. बायजा पहाटे गेली. शरमेनं मान वर करवेना.

पण हिरू माझ्या पाया पडायला वाकली. म्हणाली, काल तुमी उन्हात वर आलाव, सासूला हातानं भरवलंत, गाणं म्हटलंत. ती बोलली, माजा देव आला, आता जाते.

मी आलो? मी चौकला होतो!

तसं सांगायला हवं होतं. मी म्हणालो, प्रभूची स्तुती असो. पुरायला दुपारी या म्हणाली. तिकडं जायची हिंमतच झाली नाही. ताप आहे, असा निरोप धाडला.

बुधवार, ५ फेब्रुवारी

सदू भेटला. परवा कबरीपाशी काय प्रार्थना केलीत म्हणाला, आमी सगली रडलो.

मी परवा दिवसभर खोलीत पडून होतो. आतून कडी लावून. सदूला हे सांगावं असं फार वाटलं, पण तो इतका खूश होता. मी मान डोलावली.

शुक्रवार, १४ फेब्रुवारी

झाकीरभाईंच्या अम्मी, रुकय्याआपा, कर्जतला दवाखान्यात आहेत. बघायला जाऊ-जाऊ म्हणत मी कंटाळा केला होता. आज झाकीरभाईंनी डोळे पुसत आभार मानले. रोज येऊन बसता, म्हणाले, एवढं सख्खं कुणी करत नाही.

आईचा फोनही आला. म्हणाली, काल किती प्रेमानं बोललास रे, किती वर्षांनी माझ्यासोबत प्रार्थना केलीस.

काल मी तिचा फोन उचललाच नव्हता.

मला भीती वाटते. जे जे मी टाळतो, ते कुणीतरी करतंय. माझ्या तोंडानं, माझ्या हातांनी. आणि माझ्यापेक्षा चांगलं करतंय.

गुरुवार, २० फेब्रुवारी

प्रार्थनेला गुडघे टेकले. शब्द सुचत नाहीत. तो आवाज — काहीच नाही. ओरडून म्हटलं, सांग, कुठं जाऊ? आता ऐकतो. आईशपथ ऐकतो.

आत नुसती शांतता.

नाक्यावर चहा मागितला. दोनदा, तीनदा. टपरीवाल्यानं मागच्या माणसाला दिला.

सोमवार, २४ फेब्रुवारी

आज दिसला. भरदुपारी, मुरबाड रस्त्याला. पाठमोरा. माझाच शर्ट, तीच डबी. मी हाक मारली, धावलो. तो धावत नव्हता, तरी अंतर तेवढंच.

सदूची जीप आली. हात केला. त्यानं मला पाहिलं नाही. पुढं जाऊन त्याला बसवून घेतलं.

शुक्रवार, २८ फेब्रुवारी

वाडीवर गेलो. शेवटी गेलो! छाती फुटायची वेळ आली पण चढलो. दारोदार विचारलं, कुणी आजारी आहे का, प्रार्थना करू का. बायका हसून म्हणाल्या, नको दादा, आताच आमचं पाळक येऊन गेलं.

सगळीकडं आताच. प्रत्येक दारी.

माझ्यासाठी काही उरलंच नाही. एक आजारी माणूससुद्धा नाही.

शनिवार, १ मार्च

खोलीचं दार बंद. किल्ली लागत नाही. ओट्यावर बसलोय. आत कुणीतरी गुडघ्यांवर आहे — रडतोय — मला कळतं, कुणासाठी ते —

रविवार, २ मार्च

उपासना सुरू झालीय. मी आत शिरलो. कुणी वळून पाहिलं नाही, फक्त हिरू सरकली. म्हणाली, नवीन हाय का तुमी? बसा.

शेवटच्या सतरंजीवर बसून लिहितोय. पुढं तो उभा आहे. भाकरी मोडतोय. चेहरा माझा, पण मी कधी असा दिसलो नाही.

प्रभुभोजन वाटतोय. ओळीनं. प्रत्येकाचं नाव घेऊन देतो. सदू. सदूची बायको.

प्रभू, एक घास मिळू दे. एवढाच — मग सांगशील तिथं —

हिरूला दिलं. आता मी. हात पुढं केलाय.

थांबला. फार मायेनं बघतोय. विचारतोय, भाऊ, आपलं नाव काय?

नाव — सांगतो — माझं नाव