बाबांसमोर न वाचायचे कलम

मी, खाली सही करणारी, वय पंचवीस, आमच्या घरातली पहिली पदवीधर, हे मृत्युपत्र पूर्ण शुद्धीत आणि कोणाच्याही दबावाशिवाय लिहीत आहे. फुप्फुसे साथ देत नाहीत, डोके देते आहे. डॉक्टर आता उन्हाळ्याबद्दल बोलत नाहीत, म्हणून ही घाई. अंमलबजावणी कॉलेजच्या प्रयोगशाळेतल्या काकांनी करावी.

१. माझी पुस्तके, मीटर आणि सोल्डरिंगची पेटी प्रयोगशाळेला द्यावी. मीटरची लाल वायर जरा दाबून धरावी लागते.

२. भिंतीवरचे पदवीचे प्रमाणपत्र आईकडे राहील. त्याची काच पुसताना ती रोज म्हणते, "एवढं शिकलीस, आता बरी हो." तेवढे जमले नाही.

३. रिमोटवर चालणारी पाणबुडी दादाला द्यावी. तिचे अंग बाबांनी घडवले. ते नळजोडणीचे काम करतात. आतली यंत्रणा माझी.

४. हे कलम बाबांसमोर वाचू नये. त्यांना वाचता येत नाही, तेव्हा काकांनी न अडखळता तिसऱ्यावरून पाचव्यावर जावे.

तीन वर्षांपूर्वी कॉलेजच्या प्रदर्शनात पाणबुडीने तळ्यात बुडी मारली ती वर आलीच नाही. टेबलावर चालायची, पाण्यात मुकी व्हायची. दादा बॅटरीच्या दुकानात कामाला होता, बॅटरी त्यानेच चार्ज केली होती. त्याने उडी मारून पाणबुडी तळातून काढली. तो निथळत उभा असताना मी सगळ्यांदेखत म्हणाले, "शिकला असतास तर साधी बॅटरी चार्ज करता आली असती." त्याच आठवड्यात तो घर सोडून गेला.

मी रिसीव्हर दोनदा बदलला, एकेक सांधा तपासला. दोष सापडला गेल्या महिन्यात, उठवत नाही म्हणून खाटेवरून नुसती बघत होते तेव्हा. झाकण नेहमी बाबाच लावतात. ते लावण्याआधी त्यांनी अँटेनाची लांब वायर आतल्या पितळी नळीभोवती घट्ट गुंडाळली. त्यांच्या धंद्यात लोंबते काही ठेवत नाहीत. धातूला अशी चिकटलेली वायर पाण्याखाली सिग्नल पकडत नाही. मी उघडायचे तेव्हा झाकणाबरोबर वेढे ओढले जाऊन सुटायचे, म्हणून मला ते कधी दिसले नाहीत. शिवाय सिग्नल तुटल्यास आपोआप वर येण्याची सोय मीच बंद ठेवली होती, चाचणीत तिचा अडथळा होतो म्हणून.

दादा, बॅटरी पूर्ण चार्ज होती. हे तुला तीन पत्रांत लिहिले. तिन्ही न फोडता परत आली. हे चौथे समज. आलास तर पाणबुडी बाबांबरोबर तळ्यावर ने. झाकण त्यांनाच लावू दे. मग त्यांची पाठ वळली की वायर मोकळी कर. घर आपल्या हातून मोडले, असे त्यांना कधी वाटता कामा नये.

५. दादा वर्षभरात न आल्यास पाणबुडी कपाटावर ठेवावी, पाण्यात सोडू नये. तो येईल असे मला वाटत नाही. तरी रिमोटमधले सेल काढून ठेवले आहेत, गळू नयेत म्हणून.

हे लिहीत असताना बाबा समोर बसले आहेत. आत्ताच वायर गुंडाळून त्यांनी झाकण लावले. "बघ, एक वेढा इकडचा तिकडे नाही," म्हणाले.

मी "छान" म्हणाले.

ठिकाण: राहते घर, खिडकीजवळची खाट
दिनांक: ११ फेब्रुवारी, सकाळी

सही: मुलगी

साक्षीदार:
१. इंजेक्शन द्यायला येणाऱ्या नर्सताई
२. प्रयोगशाळेतले काका. कलम चार मनात वाचले.