हवालदार नागरगोजेंचा बायोडेटा

रवि., ४ जानेवारी
निवृत्तीनंतर क्लबहाऊसमध्ये रविवारी नोकरी शोधणाऱ्यांसाठी टेबल मांडते, तिथे आज तिघे माजी सैनिक. दोघांचं तासाभरात उरकलं. तिसरे हवालदार नागरगोजे. तोफखान्यातून नुकतेच निवृत्त, मूळचे बीडकडचे, आता चिखलीत भाड्याने. यापुढे ना. लिहीन.

आल्या आल्या खुर्ची उचलून टेबलाच्या दुसऱ्या बाजूला ठेवली. का, विचारलं. म्हणे ऊन येतंय. आमच्या क्लबहाऊसच्या त्या कोपऱ्यात वर्षभर ऊन येत नाही. सोडून दिलं.

बायोडेटा सायबर कॅफेतून करून आणलेला. गणवेशातला, गॉगल लावलेला फोटो. उंची. छाती, साधी आणि फुगवून. छंद व्हॉलीबॉल. 'उद्दिष्ट' या मथळ्याखाली: कंपनीसाठी प्राण देण्याची तयारी.
"प्राण कुणी मागितलेत? वेळेवर आलात तरी खूश होतील."
"कॅफेवाल्यानं टाकलंय मॅडम. सगळ्या फौजींना हेच टाकतो त्यो."

तोफेवर काय करत होतात? "सांगतील ते." बराच वेळ खोदल्यावर कळलं की एक अख्खी तोफ आणि तिच्यावरची सगळी माणसं यांच्या हुकमाखाली होती. ते कागदावर कुठेच नाही. छाती मात्र दोनदा.

मंगळ., ६ जाने.
पाटोळेला फोन केला. मी कंपनीत पर्सोनेलला होते तेव्हा माझ्या हाताखाली शिकला, आता चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या कारखान्यात एचआर मॅनेजर.
"फौजी ना मॅडम? पाठवा की. गेटवर सिक्युरिटीला उद्यापासून घेतो."
"गेटवर नको. तुझ्या यार्डाला, ट्रेलर भरतात तिथे, सुपरवायझर हवाय ना?"
"यार्डाचा अनुभव आहे का पण?"
"डोंगरावर तोफा चढवल्यात त्यांनी. तुझा ट्रेलर धक्क्याला लागेल."
हसला. शनिवार २४ ला मुलाखत.

ना.ना कळवलं. फोनवर किती मोकळं बोलतो हा माणूस! मुलीचा अभ्यास, गावाकडची ज्वारी, सगळं सांगितलं. समोर बसला की तुटक. फौजेतून आलेले सगळेच गेटवर उभे राहायला जन्मलेत असं या कारखान्यांच्या पट्ट्यात धरून चालतात, त्याचाही परिणाम असेल.

रवि., ११ जाने.
मुलाखतीची तालीम. बसा म्हणेपर्यंत उभे. मी मुद्दाम म्हटलं नाही. उभेच.
"पाच वर्षांनी स्वतःला कुठे बघता?"
"जिथं पोस्टिंग देतील तिथं."
"तुमचा सर्वांत मोठा गुण?"
"तक्रार नाही मॅडम."
"हा गुण नाही. ही सवय आहे. लवकर सोडा."

मधेच उठून मागच्या कपाटातून कागद काढले, तिथूनच दोन प्रश्न विचारले. उत्तर नाही. पाठ ताठ, मान वळेना. परत येऊन चांगलं सुनावलं, बाईमाणसाने प्रश्न विचारला की ऐकू येत नाही का म्हणून. तोंड उतरलं. "सॉरी मॅडम."

बुध., १४ जाने. संक्रांत
ना.ची बायको कल्पना तिळगूळ घेऊन आली. बरोबर मुलगी समृद्धी, दहावीत. मुलगी चुणचुणीत, पण बापाचा विषय निघाला की ओठ आवळते.

"तिळगूळ घ्या, गोड बोला म्हणायचं, काकू. आमच्याकडं तर गोड नाही का कडू नाही. फोनवर तासतास बोलायचे हो. ड्यूटी संपली की फोन. ही तर फोन उशाशी घेऊन झोपायची. आता चोवीस तास घरात आहेत तर..."
समृद्धी मधेच: "मी हाक मारली तरी बघत नाहीत. परवा मी मार्क सांगत होते, तर हे उठून पाणी प्यायला गेले."
"पप्पा दमलेत, बाळा."
"कशानं दमलेत? बसून?"

मी दोघींना चहा दिला. तिळाची वडी उत्तम, खुसखुशीत.

शनि., १७ जाने.
ना.ना घेऊन भोसरीला. साध्या शर्टातला फोटो आणि काळे बूट. बूट घासायची हौस दांडगी, दुकानातच रुमालाने पुसायला लागले.

बाहेर पडलो. मी पुढे. मागे वळून बघते तर एक टेम्पो मागे येतोय. रिव्हर्सचं ते गाणं कर्कश वाजतंय, क्लीनर ओरडतोय, "ओ काका! ओ काका!" आणि ना. टेम्पोकडे पाठ, डावा खांदा करून बिल वाचत उभे. मी कॉलर धरून ओढलं. दोघेही उसाच्या गाड्यावर आपटलो. रसवाला मलाच ओरडला.

बाकावर बसवलं. मग एकेक प्रश्न समोरून, डोळ्यांत बघून विचारला.

डावा कान पूर्ण गेलाय, उजवाही जवळचं, समोरचं तेवढंच नीट पकडतो. तोफेजवळ कानात कापूस घालायचा असतो. "कापूस घातला की हुकूम ऐकू येईना. पोरं माझ्या भरवशावर. म्हणून काढायचो." फौजेच्या तपासणीत ओठ बघून उत्तरं दिली. कळलं असतं तर तब्येतीची श्रेणी उतरली असती, बढती अडली असती. कागदोपत्री आजही पूर्ण फिट.

"घरी?"
"घरी नाही माहीत. फोन उजव्याच कानाला असतो ना मॅडम."

त्या बाकावर मला रविवारची आठवण झाली. मान वळेना म्हणून सुनावलं होतं. तसं म्हटलं. "तुम्हाला काय माहीत मॅडम," एवढंच.
कुणाला सांगणार नाही, असं माझ्याकडून वचन घेतलं. दिलं.

रवि., १८ जाने.
मी स्पष्ट बोलले. यार्डात दिवसभर ट्रेलर मागे येतात. फोर्कलिफ्ट चारी बाजूंनी. ही नोकरी या कानाने करायची नाही.
"कागदावर फिट हाय मी."
"काल टेम्पोने कागद वाचला नसता."
"मग गेटवर उभा राहू? पोरीच्या मैत्रिणींचे बाप येणार-जाणार, त्यांना सलाम ठोकू?"
"मी गेट म्हटलं नाही. कंपनीला सांगा म्हणते आहे. त्यांच्याकडे इतर कामं आहेत."
"सांगितल्यावर काम देत नसतेत, मॅडम. तुमी ऑफिसात होता. तुमालाच माहीत."

हे खरं होतं. तरी म्हटलं, कान लपवून यार्डाची नोकरी मिळवायला मी मदत करणार नाही. ना. उठले, नमस्कार केला, बायोडेटा टेबलावर ठेवून गेले. खुर्ची परत जागेवर ठेवून गेले.

मंगळ., २० जाने.
कल्पना एकटी आली. बसली नाही.
"काकू, तुम्ही काय म्हणालात यांना? दोन दिवस जेवणात लक्ष नाही." मग आवाज खाली. "एक विचारू? तुमच्याजवळ काही बोलले का? तिकडं कुणी... दुसरी कुणी आहे का? माणूस असा का बदलतो हो?"

सगळी नोकरी लोकांचे पगार, रजा, नोटिसा पोटात ठेवण्यात गेली. इतकं जड कधी झालं नव्हतं.
"दुसरी कुणी नाही," मी म्हटलं.
"तुम्हाला कसं माहीत?"
"माहीत आहे."
पदर खोचला आणि गेली. हुशार बाई. मला काहीतरी ठाऊक आहे हे तिला कळलंय.

गुरु., २२ जाने.
ना. सकाळीच दारात. आंघोळ, भांग, नवे बूट.
"सांगतो मॅडम. कंपनीत. पण कागदावर लिहू नका. तोंडानं सांगतो."
हे मान्य. कान हा काही अनुभव नाही बायोडेट्यात घालायला. पण मेडिकलची वाट बघायची नाही, पाटोळेसमोर बसल्या बसल्या सांगायचं. कबूल.

"आणि घरी?"
"कंपनीचं सोपं हाय."
"का?"
"ते नाही म्हणतील. घरचे नाही म्हणणार नाहीत. आयुष्यभर माझ्याकडं कीव करून बघतील."
"सध्या कसं बघतात ते ठाऊक आहे तुम्हाला?"
त्यांना ठाऊक नव्हतं. बायकोला दुसऱ्या बाईची शंका आहे हे सांगितलं. ते सांगायचं नाही असं वचन मी कुणालाच दिलेलं नव्हतं. ना. आधी हसले. मग डोळे पुसायला लागले, पाठ ताठ ठेवूनच. मी स्वयंपाकघरात जाऊन भांडी आवरली. आवरलेलीच होती.

शनि., २४ जाने.
मुलाखत झाली. पाटोळेचा फोन.
"मॅडम, तुमचा माणूस आत आला, खुर्ची उचलली, माझ्या या बाजूला आणून ठेवली. म्हणाला, सर, डाव्या कानानं ऐकू येत नाही, पुढचं इथून विचारा. मी तर बघतच राहिलो. तुम्ही आधी बोलला नाहीत."
"त्यांचं त्यांनी सांगायचं होतं."
"यार्ड नाही जमणार आता."
"मला माहीत आहे. त्यांनाही."
"माणूस चांगला आहे पण. माणसं सांभाळलेली दिसतात. पॅकिंगला बघतो. प्लांट हेडला विचारावं लागेल. ते जरा..."
"जरा काय?"
"बघतो ना मॅडम. तुम्ही अजून तशाच ओरडता."

सोम., २६ जाने.
सोसायटीच्या चेअरमनना झेंड्यासाठी फौजी हवा होता, माझ्याकडे नंबर मागितला. झेंड्याला फौजी हवा, एरवी गेट. तरी दिला. ना. आले, झेंडा फडकवला, जिलेबी खाल्ली नाही, पुडीत बांधून घेतली. जाताना म्हणाले, "आज सांगतो घरी."
दिवसभर कामात मन नव्हतं. पोळ्या करपल्या.

बुध., २८ जाने.
कल्पना आली. उंबऱ्यातच उभी.
"तुम्हाला माहीत होतं."
"हो."
"मी इथं उभं राहून विचारलं तुम्हाला. रडायची बाकी होते."
"वचन दिलं होतं, कल्पना."
"त्यांना! मला कोण देणार वचन?"
खरं आहे. खुर्ची पुढे सरकवली.

मग बसली एकदाची. परवा संध्याकाळी जिलेबी वाटून झाल्यावर ना.नी सांगितलं. कल्पना भडकली. इतकी वर्षं लपवलं, माझ्याजवळ, मी कोण आहे तुमची? सगळं बाहेर काढलं, सासूच्या आजारपणापासून. ते खाली मान घालून गप्प. त्याने हिला आणखी चेव. तेवढ्यात समृद्धी आतून आली आणि म्हणाली, "मम्मी, तू त्या बाजूनं भांडतीयेस. इकडं ये."

"मग?"
"मग काय. मी उठले आणि त्यांच्या उजवीकडं गेले. पहिल्यापासून सुरू केलं सगळं." हसू येत होतं, दाबत होती. "पोरगी तर वहीच घेऊन बसली त्यांच्या उजवीकडं. मार्क परत सांगितले. गणिताचे दोनदा."
उठताना परत चेहरा घट्ट. "पण तुमच्यावरचा राग गेला नाही माझा."
"नको जाऊ दे."
चहा घेतला नाही.

शुक्र., ३० जाने.
पाटोळे म्हणतो सोमवारपर्यंत कळेल. प्लांट हेडने ना.चा कागद ठेवून घेतलाय, नाही म्हटलेलं नाही. मी त्याला म्हटलं, ठेवून घेणे म्हणजे काय ते मला शिकवू नकोस, तोंडावर नाही म्हणायचं टाळायला मीही कागद ठेवून घेत असे. सोमवारी नाही आलं तर दुसरी कंपनी बघू. महाळुंग्याला एक आहे.

संध्याकाळी ना. काही विचारायला वर आले होते, पाच मिनिटं. कल्पना आणि समृद्धी खालीच थांबल्या. तिघे गेले तेव्हा गॅलरीतून बघितलं. समृद्धी बापाच्या उजवीकडून चालत होती, तोंडाचा पट्टा चालू. कल्पना डावीकडे, रस्त्याच्या बाजूला. एक रिक्षा जवळून गेली तशी तिने त्यांचं कोपर धरलं, आणि मग सोडलंच नाही. कोपऱ्यापर्यंत दिसले.

कल्पनाने वर बघितलं नाही.