चेपलेला कोपरा

मंगळवार, २१ एप्रिल. अकोला, दिवेलागणीची वेळ.

आज सहाव्यांदा लाकूड लावलं आन् सहाव्यांदा चक्र अंड्यासारखंच निघालं. कोरकामाच्या मशीनचा पट्टा ताणला, स्क्रू आवळले, बिट बदललं. शेवटी डाव्या रॉडवर सूत धरलं तवा समजलं, रॉडच वाकला आहे. वाटेतच वाकला असन. लाकडी पेटीचा एक कोपरा चेपूनच आला होता.

बुद्ध पौर्णिमा दहा दिवसांवर आली. अकोटच्या विहाराच्या दारावर धम्मचक्र कोरून देतो, हा शब्द मीच देल्ला. हात थरथरते, पटाशी धरवत नाही, म्हणून तर मशीन घेतली. आता अंडाकृती चक्र लावू काय विहाराले?

कंपनीतल्या बाईले फोन केला. ती म्हणाली, "काका, पेटीच्या चेपलेल्या कोपऱ्याचा फोटो पाठवा, नवीन रॉड लगेच निघेल."

फोटो कुठून आणू? पेटी आली त्याच दिवशी बायको म्हणे, "कूलर किती दिवस विटांवर ठेवता? याचा स्टँड करून द्या." लाकूड चांगलं होतं, फेकवलं नाही. चेपलेला कोपरा तेवढा वंगाळ दिसे, तर त्याच्यावर रंधा मारला. काहून मारला? कोण पाहणार होतं कूलरच्या खाली?

आता स्टँडचे चारी पाय चाचपून पाहिले. बायकोले विचारलं, "तो चेपलेला कोपरा कोणत्या पायाले लागला व?"

ती हसून म्हणाली, "मले काय माहीत? तुमी कुठी काही दिसूच देल्लं नाही."